दृढीकरण संस्कार आणि त्याची पूर्वतयारी

स्वरूप

कॅथलिक चर्च सात संस्कार मानते. त्यांपैकी बाप्तिस्मा, दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद हे ख्रिस्ती जीवनातील प्रवेशाचे संस्कार होत. बाप्तिस्म्यात मिळालेली कृपा दृढीकरणात पवित्र आत्म्याच्या दानाने पूर्णत्वास जाते, अशी श्रद्धा आहे. शोमरोनातील बाप्तिस्मा झालेल्या लोकांवर पेत्र व योहान यांनी हात ठेवले आणि त्यांना पवित्र आत्मा मिळाला, हा ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथातील प्रसंग याचा आधार मानला जातो. या संस्काराची आध्यात्मिक मुद्रा कायमची असल्याने तो आयुष्यात एकदाच होतो.

वयाचा प्रश्न

आरंभीच्या शतकांत तिन्ही संस्कार सहसा बिशपच्या उपस्थितीत एकाच विधीत दिले जात. पुढे ख्रिस्ती वस्ती गावोगावी पसरली आणि प्रत्येक बाप्तिस्म्याला बिशप उपस्थित राहणे अशक्य झाले. यावर पूर्व व पश्चिम परंपरांनी वेगवेगळे उपाय काढले. पूर्वेकडे, बिशपने किंवा कुलपतीने आशीर्वादित केलेल्या तेलाने धर्मगुरूच बाळाला बाप्तिस्म्याबरोबर दृढीकरण देऊ लागला. पश्चिमेकडील लॅटिन परंपरेने हा अधिकार मुख्यतः बिशपकडे ठेवला, त्यामुळे संस्कार लांबणीवर पडला. १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी पहिल्या ख्रिस्तप्रसादाचे वय सुमारे सात वर्षांवर आणले. तेव्हापासून अनेक ठिकाणी दृढीकरण ख्रिस्तप्रसादाच्याही मागे, किशोरवयात गेले.

हे दोन्ही प्रघात महाराष्ट्रात शेजारीशेजारी आढळतात. १९९८ मध्ये स्थापन झालेला वसई धर्मप्रांत लॅटिन परंपरेचा, तर १९८८ मध्ये स्थापन झालेला कल्याण धर्मप्रांत सीरो-मलबार परंपरेचा आहे. सीरो-मलबार चर्चमध्ये आज बाप्तिस्म्याच्या वेळीच दृढीकरण होते. म्हणजे किशोरांच्या तयारीचा विचार प्रामुख्याने लॅटिन परंपरेपुरता आहे. चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत दृढीकरणासाठी विवेकाचे, म्हणजे साधारण सात वर्षांचे वय सांगितले आहे. मात्र देशोदेशीच्या बिशप परिषदांना वेगळे वय ठरवण्याची मुभा आहे. अमेरिकेच्या परिषदेने विवेकाच्या वयापासून सुमारे सोळापर्यंतची मर्यादा स्वीकारली.

तयारीचे घटक

समज आलेल्या उमेदवाराकडून धर्मसंहिता तीन अपेक्षा ठेवते: योग्य शिक्षण, योग्य अंतःस्थिती आणि बाप्तिस्म्याच्या वचनांचा पुनरुच्चार करण्याची क्षमता. साऱ्या तयारीची आखणी यांवरूनच होते. शिक्षणासाठी धर्मग्रामात धर्मशिक्षणाचे वर्ग असतात; त्यांत श्रद्धेचा अंगीकार, संस्कारांचा परस्परसंबंध आणि पवित्र आत्म्याची सात दाने (सुज्ञता, समंजसपणा, सुमंत्रणा, धैर्य, ज्ञान, भक्ती व परमेश्वराविषयीचे आदरयुक्त भय) शिकवली जातात. अंतःस्थितीसाठी मनन-शिबिर, प्रार्थना आणि संस्कारापूर्वी पापनिवेदन. अनेक ठिकाणी आजाऱ्यांच्या भेटी किंवा गरजूंची सेवा यांचाही समावेश असतो. यांतली सर्वांत महत्त्वाची बाब बहुधा शेवटचीच, कारण सेवेत शिकलेली श्रद्धा पाठ केलेल्या उत्तरांपेक्षा जास्त टिकते.

धर्मपिता किंवा धर्ममाता हा तयारीचा मानवी दुवा. ही व्यक्ती सामान्यतः किमान सोळा वर्षांची, स्वतः दृढीकरण झालेली आणि श्रद्धेनुसार जगणारी कॅथलिक असावी लागते. आई-वडिलांना ही भूमिका घेता येत नाही. घराबाहेरच्या एका प्रौढ श्रद्धावंताची साथ मुलाला मिळावी, हा त्याचा लाभ. बाप्तिस्म्याच्या वेळचीच व्यक्ती निवडणे इष्ट मानतात. त्यातून दोन्ही संस्कारांचे नाते स्पष्ट होते.

विधी

मिस्सामध्ये शुभवर्तमान व प्रवचनानंतर उमेदवार बाप्तिस्म्याच्या वचनांचा पुनरुच्चार करतात. बिशप त्यांच्यावर हात पसरून प्रार्थना करतो आणि ख्रिझम या सुगंधी तेलाने प्रत्येकाच्या कपाळावर क्रूस रेखतो. हे तेल ऑलिव्ह किंवा अन्य वनस्पतीच्या तेलात सुगंधी द्रव्य मिसळून बनते. बिशप ते पवित्र गुरुवारी किंवा त्याच्या आसपास आशीर्वादित करतो. विधीचे सध्याचे रूप पोप सहावे पॉल यांच्या १९७१ च्या निर्णयाने आले.

परिणाम

संस्काराची नोंद दप्तरात होते. पुढे कोणाचे धर्ममातापिता होण्यासाठी आणि गुरुदीक्षेसाठी दृढीकरण आवश्यक असते. विवाहापूर्वीही, मोठी अडचण नसल्यास, ते झालेले असावे अशी अपेक्षा असते.

मर्यादा

हजेरी आणि तोंडी परीक्षा यांवर भर वाढला की दृढीकरण हे प्रमाणपत्र वाटू लागते आणि ते मिळताच अनेक तरुण धर्मग्रामापासून दूर जातात. श्रद्धेची प्रौढता वयाच्या प्रौढतेशी एकरूप मानू नये, असे चर्चचा अधिकृत धर्मशिक्षणग्रंथही सांगतो. त्यामुळे वर्ग किती महिने चालले यावरून तयारीची गुणवत्ता ठरत नाही. मुलाला प्रार्थना, सेवा आणि समुदायात स्वतःचे स्थान मिळाले का, यावरून ती ठरते. शिवाय तयारी ही संस्काराची किंमत नव्हे: मृत्यूचा धोका असल्यास कोणताही धर्मगुरू तान्ह्या बाळालाही, कसल्याही शिक्षणाविना, दृढीकरण देऊ शकतो.