ट्रकच्या चाकाचा तोल आणि टायरमधले मणी

कोल्हापूरहून गारगोटीच्या रस्त्याला लागले, की शहर संपता संपता कळंबा लागते. गळिताच्या हंगामात या रस्त्याने उसाच्या गाड्या बिद्रीच्या साखर कारखान्याकडे जातात. याच मुलखातला गूळ कोल्हापूरच्या बाजारात येतो आणि तिथून ट्रकमधून गुजरातपर्यंत पोचतो. एक गाडी शेतातून कारखान्यापर्यंत रखडत जाणारी, तर दुसरी रात्रंदिवस हमरस्त्यावर पळणारी. दोघींच्याही मालकांना एकच सल्ला मिळू शकतो : "रिमला शिसं कशाला ठोकताय? टायरात मणी घाला. चाक आपला तोल आपणच सांभाळतंय." हे मणी काचेचे किंवा भाजलेल्या मातीचे, मोहरीच्या आसपासच्या आकाराचे असतात. ते टायरच्या पोकळीत मोकळे सोडतात. हा सल्ला खरा किती आणि कोणासाठी, ते आज पाहू.

आधी तोल म्हणजे काय ते समजून घेऊ. जोतिबाच्या यात्रेतला पाळणा आठवा. पाळणेवाला सगळी माणसे एकाच बाजूला बसवीत नाही. इकडे दोघे बसवले, की समोरच्या पेटीत दोघे बसवतो. नाहीतर पाळणा गचके खात फिरेल. चाकाचेही तसेच आहे. टायरचे रबर सगळीकडे अगदी सारखे नसते, व्हॉल्व्हचे वजन एकाच जागी असते. त्यामुळे चाकाची एखादी बाजू थोडी जड राहते.

थोडी म्हणजे किती? समजा, नक्षीपाशी १०० ग्रॅम जादा आहेत. ट्रकचे चाक साधारण १ मीटर व्यासाचे. गाडी ताशी ८० किलोमीटर धावू लागली, की ते सेकंदाला सुमारे ७ फेरे घेते. त्या वेळी हे १०० ग्रॅम चाकाला नऊ-दहा किलो वजनाएवढ्या जोराने बाहेर ओढतात, तेही प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलत. त्याने स्टेअरिंग थरथरते, बेअरिंगवर मार बसतो आणि नक्षीत जागोजाग खळगे पडू लागतात. आता वेग निम्मा करा, ताशी ४०. ओढ निम्मी होत नाही, चौथाई होते. म्हणजे जेमतेम अडीच किलो. कारण ही ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. एवढा एक हिशेब ध्यानात ठेवा. पुढचा निर्णय त्यावरच आहे.

यावर जुना उपाय असा, की चाक मशीनवर फिरवून हलकी बाजू शोधायची आणि तिथे रिमच्या काठाला वजन ठोकायचे. उपाय चांगला आहे, पण वजन एकदा बसले ते बसले. पुढे टायर झिजतो आणि तोल बदलतो. खडबडीत रस्त्यावर वजन गळूनही पडते. शिवाय पुष्कळ वजने शिशाची असतात आणि शिसे विषारी. युरोपात मोटारींसाठी शिशाच्या वजनांवर २००५ सालापासून बंदी आहे.

मण्यांची कल्पना अशी, की पाळण्यातली माणसे पाळणेवाल्याने न सांगता स्वतःच योग्य पेटीत जाऊन बसली तर! चाकाला वेग आला, की मणी टायरच्या आतल्या अंगाला चिकटून फिरू लागतात. फिरण्याच्या खऱ्या केंद्रापासून जी जागा सर्वांत दूर, तिकडे सरकण्याची त्यांची ओढ असते. आता, सैल आधारावरचे असमतोल चाक पुरेशा वेगाने फिरले, तर ते आपल्या आसाच्या मध्याभोवती न फिरता वजनाच्या मध्याभोवती फिरू पाहते. अशा वेळी हलकी बाजू बाहेर फेकली जाते, मणी तिकडे गोळा होतात आणि तोल साधतो. ही कल्पना हवेतली नाही. वरून कपडे टाकायच्या अनेक धुलाई यंत्रांत टबाच्या वरच्या काठाला एक पोकळ कडे असते. त्यात मिठाचे पाणी असते. कपडे एका बाजूला गोळा झाले, तर ते पाणी दुसऱ्या बाजूला सरकून तोल सावरते.

परंतु 'पुरेशा वेगाने' या शब्दांत खरी मेख आहे. प्रत्येक वस्तूचा हेलकाव्याचा स्वतःचा एक ठेका असतो. झोपाळ्याचा असतो तसाच स्प्रिंग आणि टायर यांच्यामध्ये असलेल्या आसाचाही असतो. चाकाचे फेरे त्या ठेक्याहून जलद झाले, तरच मणी हलक्या बाजूला जातात. फेरे कमी असतील, तर गणित उलटते आणि मण्यांचा कल जड बाजूकडे होतो. धुलाई यंत्राचा टब कपडे पिळताना त्या ठेक्याच्या फार पुढे जातो. ट्रकचा आस मात्र वरखाली सेकंदाला साधारण दहा-बारा वेळा हेलकावतो आणि चाक ताशी ८० च्या वेगालाही सातच फेरे घेते. म्हणून यंत्रातला दाखला ट्रकला जसाच्या तसा लागू पडत नाही. वापरणाऱ्यांतले कित्येक समाधानी आहेत, तर जाणकारांतले कित्येक शंका घेतात, याचे मूळ इथे आहे.

मग कळंब्याच्या गाडीवाल्याने काय करावे? उसाची गाडी भरलेली असते आणि वेग बेताचा असतो. तिथे असमतोलाची ओढच थोडी. मण्यांवर पैसे घालण्याआधी टायरमधली हवा, बेअरिंगचा ढिलेपणा आणि चाकांची सरळ रेघ तपासावी. वाकलेली रिम किंवा झिजलेली किंगपिन मण्यांनी सुधारत नाही. काळ्या रानातून गाडी बाहेर काढली, की रिमच्या आत चिकटलेला चिखल खरवडून काढावा. सुकलेल्या चिखलाचे अर्धा किलोचे ढेकूळ कोणत्याही वजनाचा तोल बिघडवते आणि ते काढायला पैसा लागत नाही.

लांब पल्ल्याची गुळाची गाडी असेल, तर पुढच्या दोन चाकांवर प्रयोग करून पाहायला हरकत नाही. मण्यांचे माप टायरच्या आकारावर ठरते. मोठ्या टायरला साधारण २५० ते ३५० ग्रॅम लागतात, पण बनवणाऱ्याचा तक्ता पाहूनच घालावेत. रिमवरची जुनी वजने आधी काढावीत. मणी व्हॉल्व्हमध्ये अडकून हवा गळू नये, म्हणून जाळीची पिन बसवावी. ट्यूब आणि टायर यांच्यामध्ये मणी कधीही टाकू नयेत. घासून ट्यूब फाटेल. हवेच्या टाकीतले पाणी रोज सोडावे, कारण ओलाव्याने मण्यांचे गोळे होतात. पंक्चरचे चिकट औषध घातलेल्या टायरमध्येही ते चालत नाहीत. पंक्चर काढणाऱ्याला "आत मणी हायती" हे आधी सांगावे, म्हणजे तो ते गोळा करून परत घालील. पुढे दर महिन्याला टायरच्या घेरात चार ठिकाणी नक्षीची खोली मोजून वहीत लिहावी. नक्षी चारही ठिकाणी सारखी झिजली, तर मणी उपयोगी पडले असे समजावे. नाहीतर चाक पुन्हा मशीनवर न्यावे.

शिक्षक बंधुभगिनींनी हा धडा सायकलवर शिकवावा. सायकल उलटी उभी करून पुढचे चाक हलकेच फिरवा आणि थांबू द्या. पुन्हा पुन्हा एकच जागा खाली आली, तर ती जड बाजू. तिच्या बरोबर समोरच्या आरीला तार गुंडाळत जा. चाक कुठेही थांबू लागले, की तोल साधला. मग मुद्दाम एका आरीला मातीचा गोळा घट्ट बांधा, एका मुलाला पुढचा चिमटा धरायला सांगा आणि चाक आधी हळू, मग जोरात फिरवा. वेगाच्या वर्गाचा नियम त्याच्या हाताला कळेल, आणि पुढे तो गाडीचा मालक झाला, तर कोणती वस्तू कधी घ्यायची हेही त्याला कळेल.