धुकं किती घालायचं? लँडस्केप रेंडर आणि नंतरची रंगसफेदी

व्हिडिओत आपण ब्लेंडरमध्ये मलंगगडाचं पावसाळी रेंडर केलं. वेळ संपल्यामुळे शेवटचा मुद्दा राहिला, तो म्हणजे रेंडर झाल्यावर फोटोशॉपमध्ये किती हात फिरवायचा. तो इथे लिहितोय.

आधी धंद्याचं बोलू. डोंबिवली, कल्याण, बदलापूर पट्ट्यात या कामाचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे बिल्डर आणि त्यांच्या जाहिराती करणारी मंडळी. इमारतीचं मॉडेल बहुतेक वेळा तयार मिळतं. मागचा डोंगर, आभाळ आणि हिरवळ आपल्याकडे येते. आणि गिऱ्हाईक पैसे मोजतं ते त्या 'फील'चे.

डोंगरासाठी एसआरटीएमचा उंचीचा डेटा फुकट मिळतो. नासाच्या शटलने फेब्रुवारी २००० मध्ये ११ दिवसांत तो गोळा केला. पण त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे साधारण ३० मीटर, त्यामुळे मलंगगडाचा सुळका बोथट येतो. तो फोटो समोर ठेवून हातानेच घडवायचा. हे पोस्टमध्ये सुधारायला जाऊ नका, डोंगर चिकटवल्यासारखा दिसतो.

सूर्याचंही तसंच. आपण साधारण १९.२ अंश उत्तरेला आहोत. डिसेंबरच्या शेवटीसुद्धा भर दुपारी सूर्य ४७ अंशांच्या आसपास असतो आणि मेच्या मध्याला थेट डोक्यावर. तयार प्रीसेटमधलं युरोपातलं तिरपं ऊन दुपारच्या दृश्यात टाकलंत, तर बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण चित्र 'आपल्याकडचं' वाटणार नाही.

आता धुकं. व्हॉल्यूम वापरून खरं धुकं रेंडर करता येतं, पण वेळ खूप खातं आणि दाणे येतात. दुकानात एकच मशीन असेल तर मिस्ट पास काढा. जवळचं काळं, लांबचं पांढरं असं ते वेगळं चित्र असतं. ईएक्सआर फाइलमध्ये ठेवलंत की धुकं कमी-जास्त करायला पुन्हा रेंडर लागत नाही. आठ बिटच्या जेपीजीवर मात्र हे करू नका. तिथे एका रंगाच्या २५६ च छटा असतात, आणि जरा ताणलं की आभाळात पट्टे पडतात. मोठ्या फ्लेक्सवर ते लांबूनही दिसतात.

आणखी एक बघा. जुलैत सर थांबली की हवा धुतली जाते आणि डोंगर जवळ आल्यासारखा गडद दिसतो. हिवाळ्यातल्या सकाळी तोच डोंगर फिकट, धुळकट. म्हणजे 'पावसाळा आहे, मग सगळीकडे धुकं' हे गणित चुकतं. माथ्यावर ढग आणि पायथा स्वच्छ, हे जास्त खरं.

मग किती? माझा नियम असा: वेळ बदला, हवा बदला, लेन्स बदला. जागा बदलायची नाही. संध्याकाळचा रंग चालेल. नसलेलं तळं चालणार नाही.

मागे एका गिऱ्हाइकाने सांगितलं, प्लॉटशेजारची हाय टेन्शन लाइन धुक्यात घालवा. मी तारा ठेवल्या, फक्त संध्याकाळचा उजेड देऊन त्या नजरेत कमी भरतील असं केलं. त्यांना पटलं नाही, काम दुसरीकडे गेलं. कॅमेरा फिरवून तारा फ्रेमबाहेर ठेवता आल्या असत्या का? आल्या असत्या. ती पळवाट मलाही पूर्ण पटत नाही.

यात कायदाही आहे. २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १२ खोट्या जाहिरातीबद्दल आहे. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्याचं नुकसान झालं तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते, आणि ग्राहकाला व्याजासकट पैसे परत घेऊन बाहेर पडता येतं. महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा केलाय. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'चित्र केवळ कल्पनेसाठी' लिहिलं की सुटलो, असं धरून चालू नका. समोरचा माणूस वीस वर्षांचं कर्ज काढून ती खिडकी विकत घेतोय.

कामाच्या सवयी दोनच. सगळी पोस्ट एका ग्रुपमध्ये ठेवा, रात्रभर फाइल बंद ठेवा आणि सकाळी त्या ग्रुपची ओपॅसिटी ६० टक्क्यांवर आणून बघा. बहुतेक वेळा तिथेच थांबावंसं वाटतं. आणि छपाईआधी सीएमवायकेमध्ये बघून घ्या, पावसाळी पोपटी हिरवा तिथे हमखास मळतो.

कोटेशनमध्ये 'रंग-हवामानाच्या दोन दुरुस्त्या समाविष्ट, तिसरीपासून वेगळे पैसे' ही ओळ घाला. कोटेशनचा नमुना पुढच्या व्हिडिओत भरून दाखवतो.