पिठातला भुंगेरा आणि यदृच्छेचा धक्का

धान्याच्या कोठारात आणि घरातल्या पिठाच्या डब्यात तांबडा भुंगेरा नकोसाच असतो. पण कीटकसंख्येच्या गणिताला त्याच्याइतका सोयीचा प्राणी क्वचितच लाभला असेल, कारण अंड्यापासून मरणापर्यंतचे त्याचे सारे आयुष्य एका बाटलीतल्या पिठात उरकते. अमेरिकेत रॉबर्ट कॉस्टँटिनो, जे. एम. कुशिंग, ब्रायन डेनिस आदी संशोधकांनी केलेल्या प्रयोगांत प्रत्येक बाटलीत 20 ग्रॅम खाद्य असे, त्यात 95 टक्के गव्हाचे पीठ आणि 5 टक्के यीस्ट. दर दोन आठवड्यांनी ते चाळायचे, अळ्या, कोष व प्रौढ भुंगेरे वेगवेगळे मोजायचे आणि नव्या पिठात परत सोडायचे, हे काम महिनोन्‌महिने चाले. ते कंटाळवाणे खरेच, पण पुढच्या गणिताची सगळी भिस्त या मोजणीवर आहे.

या गणिताचे प्रतिमान तीन समीकरणांचे असून, आजच्या अळ्या, कोष व प्रौढ यांच्या संख्येवरून ते दोन आठवड्यांनंतरची संख्या सांगते. त्याच्या गाभ्याशी स्वजातिभक्षण आहे: अळ्या आणि प्रौढ अंडी खातात, प्रौढ कोषही खातात. त्यामुळे अळ्यांची गर्दी झाली की अंडी फस्त होऊन पुढच्या मोजणीला अळ्या थोड्या भरतात, आणि थोड्या असल्या की अंडी वाचून त्या पुन्हा वाढतात. ठरावीक परिस्थितीत हा चढउतार स्थिर होऊन एक मोजणी भरगच्च, दुसरी तुटपुंजी असे द्विपदी आवर्तन सुरू होते. भरगच्च मोजणी सम क्रमांकाला यावी की विषम, हे केवळ आरंभीच्या संख्यांवरून ठरते; यदृच्छा वगळली, तर एकदा लागलेला क्रम समीकरणे कधीच मोडत नाहीत.

प्रत्यक्ष बाटलीत मात्र तो मोडतो. उबवणपेटीत तापमान व आर्द्रता राखली, तरी कोणती मादी किती अंडी घालील आणि कोणते अंडे अळीच्या वाटेत येईल, हे नेमके सांगता येत नाही. मोजक्या जिवांच्या समूहात उरणाऱ्या या अनिश्चिततेला लोकसंख्यात्मक यादृच्छिकता म्हणतात. शँडेल हेन्सन आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये दाखविले, की यदृच्छेच्या धक्क्यांनी आवर्तनाचा क्रम उलटू शकतो. दोन क्रमांच्या मधोमध एक अस्थिर समतोल असतो, त्याला खोगीर-बिंदू म्हणतात: खोगिरावर ठेवलेला गोटा पुढच्या-मागच्या उंचवट्यांवरून मध्याकडे येतो, पण दोन्ही कुशींना घसरतो. यदृच्छेने संख्या या बिंदूकडे ढकलली गेली, की काही मोजण्या अळ्यांची संख्या जवळपास सपाट राहते आणि मग आवर्तन पुन्हा उभे राहते, कधी जुन्याच क्रमात, कधी उलट्या. तेवढाच धक्का खोगिरापासून दूर बसला, तर तो विनासायास जिरून जातो. म्हणून पालटाचे कारण केवळ धक्क्याच्या आकारात शोधणे व्यर्थ आहे. तो कोठे बसला, हे पाहावे लागते, आणि ते सांगायला समीकरणांखेरीज दुसरा मार्ग नाही.

याचा एक व्यावहारिक परिणाम अभ्यासकांनी विसरू नये. काही बाटल्यांत क्रम उलटला आणि सर्व बाटल्यांची सरासरी काढली, तर चढ आणि उतार एकमेकांना खोडतात, आवर्तन मंदावल्यासारखे भासते आणि यदृच्छेने घडविलेला पालट नोंदीतून नाहीसा होतो. म्हणून प्रत्येक बाटलीची नोंद स्वतंत्रपणेच वाचावी.