गल्ल्यामागचा बाप

कासारवाडी या नावातील ‘कासार’ हा मुळात फिरता दुकानदार. बांगड्यांची पेटी किंवा तांब्या-पितळेची भांडी घेऊन गावोगाव हिंडणारा, कोणत्या घरी लग्न ठरले हे गावाच्या आधी जाणणारा आणि तरीही गावाच्या पंगतीत जरा बाजूलाच बसणारा असा हा माणूस. आज कासारवाडीवरून पुणे-मुंबई जुना रस्ता जातो, लोहमार्ग जातो आणि ६ मार्च २०२२ पासून मेट्रोही धावू लागली आहे. रस्त्याकडेच्या दुकानांवरील पाट्या मराठी असतात. परंतु गल्ल्यावर बसलेल्या माणसाचे मूळ गाव विचारले तर उत्तर पाली, कच्छ, पालघाट किंवा सिंधमधील एखादे शहर असे येण्याचा संभव पुष्कळ. या माणसाकडून तीन पिढ्यांनी साखर-चहा घेतला, महिनाअखेरपर्यंत उधारी ठेवली. त्याच्या घरात काय चालते हे मात्र कोणी विचारले नाही. आपल्या रंगभूमीनेही विचारले नाही.

हा प्रश्न सुचण्यास कारण झाले आहे ते दूर कॅनडातील एक नाटक. ‘किम्स कन्व्हीनियन्स’ हे त्याचे नाव, आणि इन्स चोई हा त्याचा लेखक. कोरियात जन्मलेला आणि लहानपणीच आईवडिलांबरोबर कॅनडात आलेला हा तरुण. २०११ साली टोरंटोच्या फ्रिंज महोत्सवात हे नाटक प्रथम उभे राहिले, २०१२ मध्ये सोलपेपर या नाट्यसंस्थेने ते मोठ्या रंगमंचावर नेले आणि २०१६ ते २०२१ या काळात त्याची दूरचित्रवाणी मालिका होऊन ते जगभर पोचले. नाटकाचा सारा व्यवहार एका दिवसात आणि एका दुकानात घडतो. टोरंटोच्या रीजंट पार्क या गरीब वस्तीत किमसाहेबांचे दूध, सिगारेट, लॉटरीची तिकिटे विकणारे दुकान आहे. वस्तीत उंच इमारती उठू लागल्या आहेत, मोठ्या भांडाराची वार्ता आहे, आणि एक परिचित गृहस्थ दुकानाला भरघोस किंमत देऊ करतो. दुकान विकावे की मुलीने चालवावे? मुलगी जॅनेट छायाचित्रकार होऊ पाहते. मुलगा जुंग याने सोळाव्या वर्षी बापाशी भांडून, तिजोरीतील पैसे घेऊन घर सोडले आहे. आई त्याला चर्चमध्ये चोरून भेटते. अखेरीस बापलेक समोरासमोर येतात. कथानक एवढेच.

एवढ्याशा कथानकात गुंतावे असे काय आहे? आहे ते गल्ल्यामागच्या बापात. हा ‘आप्पा’ (कोरियन भाषेत बापाला आप्पा म्हणतात, ही मराठी वाचकाला सुखावणारी गोष्ट) मायदेशी शिक्षक होता. तेथील पदवी येथे चालत नाही, इंग्रजी मोडकेतोडके, म्हणून दुकान. कॅनडाने १९६७ साली गुणांकन पद्धतीने परदेशीयांना दार उघडल्यानंतर जी कोरियन कुटुंबे आली, त्यांतील पुष्कळांची कहाणी अशीच आहे. वर्गात फळ्यासमोर उभा राहिलेला माणूस आयुष्यभर गल्ल्यासमोर उभा राहतो आणि गिऱ्हाइकालाच विद्यार्थी मानून इतिहास शिकवतो. १५९२ साली जपानने कोरियावर केलेल्या स्वारीची आणि कासवाच्या आकाराच्या युद्धनौकांची तो उजळणी घेतो. दुकानासमोर जपानी मोटार चुकीच्या जागी उभी दिसली की थेट पोलिसांना दूरध्वनी करतो. प्रेक्षक हसतो. पण ज्या शिक्षकाने कधी दुसऱ्या धंद्यात पाऊल टाकले असेल, त्याचे हसू थोडे आखडेल.

चोई यांचे धैर्य असे की त्यांनी आप्पाला साधुसंत केलेले नाही. कोण चोरी करील आणि कोण करणार नाही याचे त्याचे एक शास्त्र आहे, आणि ते कातडीचा रंग, जाडी, कपडे यांवर बेतलेले आहे. ते शास्त्र तो मुलीला गंभीरपणे शिकवतो. ज्याला स्वतःला रोज परका ठरवले जाते तोच दुसऱ्यांना खानेसुमारीच्या कप्प्यांत टाकतो. आणि त्याचे तळहात मात्र सर्वांकडून सारखेच पैसे घेतात. नाटकातील सर्व कृष्णवर्णीय पात्रे एकच नट करतो, ही युक्तीही अर्थपूर्ण आहे. आप्पाच्या नजरेला ती माणसे वेगळी दिसतच नसावीत.

आता मराठी रंगभूमीकडे वळावे. आपल्या प्रहसनांत वाणी, मारवाडी सावकार, गुजराती शेठ, इराणी हॉटेलवाला ही मंडळी शतकभर वावरली. त्यांचे काम ठरलेले: मोडके मराठी बोलून हशा मिळवणे, वसुलीला येणे आणि निघून जाणे. त्यांना बायको नसते, असलीच तर आतून हाक मारण्यापुरती. मुलगा-मुलगी तर नसतातच. अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’मधील लखोबा लोखंडे हा निपाणीचा तंबाखूचा व्यापारी खरा, पण तो भामटा, त्याचे दुकान हे सोंग. परगावाहून आलेल्या माणसाचे मराठी नाटकातील सर्वांत प्रभावी चित्र शोधायचे तर तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’पाशी (१९७२) थांबावे लागते. कनौजहून पुण्यास आलेला घाशीराम चोरीचा आळ येऊन मार खातो, अपमान गिळतो आणि सत्ता मिळताच पुण्याचा सूड घेतो. परक्याचा अपमान झाला की तो राक्षस होतो, एवढे आपण पाहिले. अपमान गिळून दुसऱ्या दिवशी पहाटे दुकान उघडणारा परका आपण पाहिला नाही; आणि संख्येने तोच अधिक असतो.

स्थलांतरावर मराठी नाटककारांनी लिहिले नाही असे नव्हे. दळवींच्या ‘संध्याछाया’त (१९७३) मुलगा परदेशी आहे, एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त (१९८५) एक भाऊ मुंबईला गेलेला आहे. पण दोन्हीकडे कॅमेरा, म्हणजे प्रेक्षकाची खुर्ची, मागे राहिलेल्यांच्या घरात आहे. गेलेला माणूस जेथे पोचला तेथे त्याने काय केले हे विंगेत राहते. आपण निरोप देणारे लोक. स्वागत करणाऱ्यांची नाटके आपल्याजवळ थोडी.

पिंपरी-चिंचवड हे तर सरळसरळ आलेल्यांचे शहर. फाळणीनंतर निर्वासित सिंधी कुटुंबे पिंपरीच्या छावणीत आली आणि तिचा बाजार झाला. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढे औद्योगिक वसाहत वाढली, आणि कोकण, मराठवाडा, विदर्भ, मग आंध्र, केरळ, बिहार येथून कामगार आले. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती सतरा लाखांवर गेली होती. या माणसांना पगारापर्यंत तारून नेले ते किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीने. १९८९ च्या टेल्को आंदोलनाच्या महिन्यांत त्या वह्या किती फुगल्या असतील आणि त्यांतील किती पाने पुढे फाडून टाकावी लागली असतील याचा हिशेब कोणत्याही कामगार-इतिहासात सापडत नाही. आज चाकण-तळेगाव-रांजणगाव पट्ट्यात कोरियन कंपन्याही आहेत. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने २०२३ च्या करारान्वये घेतला. तेथे येणारा कोरियन व्यवस्थापक म्हणून येतो, आणि त्याच्या मोडक्या मराठीला कोणी हसत नाही. हसू उच्चाराला नसते, गल्ल्याला असते.

ही केवळ नाट्यचर्चा नव्हे. २०२५ च्या पावसाळ्यात मीरा रोड येथे मराठीवरून एका दुकानदाराला मारहाण झाली, व्यापाऱ्यांनी बंद पाळला, उलट मराठी भाषकांचा मोर्चा निघाला. महाराष्ट्रात धंदा करणाऱ्याने मराठी शिकावे ही अपेक्षा रास्तच आहे, आणि ती न शिकता दोन-दोन पिढ्या काढणारा बेपर्वाई करतो हेही खरे. परंतु कानशिलात बसलेल्या थपडेने भाषा शिकल्याचे उदाहरण शिक्षकवर्गास तरी ठाऊक नसावे. आणि ज्या माणसाला आपण कधी रंगमंचावर मधोमध उभे केले नाही, त्याच्याविषयी रस्त्यावर मत बनवणे फार सोपे जाते.

चोई यांच्या मालिकेचा शेवटही सांगण्याजोगा आहे, कारण येथे सावधगिरीची गरज आहे. मालिका लोकप्रिय असतानाच थांबली, आणि २०२१ मध्ये तिच्यातील दोन कलाकारांनी उघड तक्रार केली की लेखकांच्या खोलीत कोरियन माणसे पुरेशी नव्हती. म्हणजे कोरियन कुटुंबाची कथाही हळूहळू दुसऱ्यांच्या हातून लिहिली जाऊ लागली. मराठी नाटककाराने उद्या मारवाडी किंवा सिंधी दुकानदारावर सहानुभूतीने नाटक लिहिले तर ते चांगलेच. पण खरे नाटक त्या घरातून यावयास हवे. तशी मुले आता आहेत. त्यांनी पालिकेच्या शाळेत मराठी कविता पाठ केली, गणेशोत्सवात एकांकिका केल्या, आणि शाळा सुटल्यावर दप्तर गोणीवर ठेवून सुट्टे पैसे मोजले. आजोबांचा उच्चार नेमका कोठे अडखळतो हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक?

जानेवारी २०२४ मध्ये शंभरावे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन पिंपरी-चिंचवडमध्ये भरले. अध्यक्ष होते डॉ. जब्बार पटेल, म्हणजे ‘घाशीराम’चेच दिग्दर्शक. त्याच महिन्यात लंडनमध्ये ‘किम्स कन्व्हीनियन्स’चे प्रयोग सुरू झाले आणि त्यात इन्स चोई स्वतः आप्पाच्या भूमिकेत उभे राहिले. २०११ च्या पहिल्या प्रयोगात त्यांनीच घर सोडून गेलेल्या मुलाचे काम केले होते.