उन्हाळ्यात मोटारसायकलच्या इंजिनाची निगा

पूर्वी बैलगाडीने होणारी पुष्कळशी कामे आज खेड्यापाड्यांतून मोटारसायकल करते. दुधाच्या किटल्या संकलन केंद्रावर पोहोचविणे, भाजीपाला बाजारात नेणे, तालुक्याहून बी-बियाणे आणणे ही कामे तिच्यावाचून अडतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यासही एका दिवसात चार गावे गाठावयाची, तर तिचाच आधार असतो. विदर्भ, खानदेश व मराठवाडा या भागांत एप्रिल-मे महिन्यांत तपमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. चंद्रपूर, अकोला, जळगाव या बाजूस ते कित्येकदा ४५ अंशांपर्यंत चढते. अशा वेळी इंजिन अति तापून जाम झाले, तर सिलिंडर व दट्ट्या बदलण्यात खरिपाच्या बियाण्यासाठी राखलेला पैसा खर्ची पडतो. हे नुकसान थोड्या दक्षतेने टाळता येते.

इंजिन का तापते?

इंजिनात पेट्रोल जळते तेव्हा सिलिंडरमधील वायूंचे तपमान क्षणभर २,००० अंशांच्याही वर जाते. या उष्णतेचा सुमारे चौथा हिस्साच चाक फिरविण्याच्या कामी येतो. उरलेल्यापैकी बरीचशी धुरावाटे बाहेर पडते व बाकीची सिलिंडरच्या धातूत शिरते. दट्ट्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळते. म्हणून धातूत शिरलेली उष्णता सतत बाहेर टाकली जाणे अवश्य असते.

खेड्यात वापरल्या जाणाऱ्या बहुतेक लहान गाड्यांचे इंजिन हवेने थंड होते. सिलिंडरभोवती ज्या पातळ पट्ट्या दिसतात त्यांस कारागीर ‘फिन’ म्हणतात. या पट्ट्यांमुळे हवेचा स्पर्श होणारा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो. उष्णता किती वेगाने निघून जाईल, हे मुख्यतः इंजिन व हवा यांच्या तपमानांतील फरकावर आणि हवेच्या झोतावर अवलंबून असते. उदाहरणार्थ, इंजिनाचा पृष्ठभाग १२५ अंश व हवा २५ अंश असता फरक १०० अंशांचा असतो; हवा ४५ अंश झाली की तो ८० अंशांवर येतो. म्हणजे केवळ उन्हाळ्यामुळे थंड होण्याची शक्ती सुमारे पाचव्या हिश्श्याने घटते.

एवढी घट चांगल्या स्थितीतील इंजिन सोसू शकते. परंतु तिच्या जोडीला फिनवरील चिखल, कमी झालेले ऑईल आणि बेसुमार ओझे आले म्हणजे ते सोसत नाही. ऊन आपल्या हाती नाही. या तीन गोष्टी मात्र आपल्या हाती आहेत.

वाऱ्याची वाट मोकळी ठेवावी

शेतरस्त्यावरील काळ्या मातीचा चिखल फिनमध्ये वाळून घट्ट बसतो आणि वाऱ्यास आडकाठी करतो. ऑईल झिरपत असल्यास त्यावर धूळ चिकटून तसाच थर साचतो. इंजिन पूर्ण थंड असताना हे फिन पाण्याने व मऊ ब्रशाने स्वच्छ करावेत. पुढील गार्डला पोती किंवा पिशव्या बांधून इंजिनाचा वारा अडवू नये. कडबा व भुसकट सायलेन्सरला लागणार नाही, याचीही खबरदारी घ्यावी. त्याने आग लागण्याचा धोका असतो.

ऑईल

ऑईल केवळ घर्षण कमी करीत नाही. दट्ट्या व अन्य भागांतील उष्णताही ते वाहून नेते. लहान गाडीत ते सुमारे एक लिटरच असते. त्यातील पाव लिटर कमी झाले तरी उरलेल्या ऑईलवर ताण पडतो. यास्तव उन्हाळ्यात दर आठवड्यास सपाट जागी गाडी सरळ उभी करून ऑईलची पातळी पाहावी. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच ऑईल वापरावे आणि ते मुदतीत बदलावे. एअर फिल्टरही पुस्तिकेप्रमाणे साफ करावा अथवा बदलावा.

चालविण्याची रीत

ओझे घेऊन मंद गतीने चढ चढताना इंजिनाचे काम सर्वांत जास्त व वारा सर्वांत कमी असतो. अशा वेळी वरच्या गिअरमध्ये गाडी रेटू नये. वेळीच खालचा गिअर घ्यावा. अर्धा क्लच दाबून गाडी चालवू नये, कारण बहुतेक गाड्यांत क्लचच्या प्लेटा इंजिनाच्या ऑईलमध्येच फिरतात व त्यांच्या घर्षणाने ऑईल तापते. घासणारा ब्रेक, फार ताणलेली चेन व कमी हवेचे टायर हेही इंजिनावर बोजा टाकतात. जड ओझे सकाळी नेणे उत्तम. रेल्वे फाटकावर किंवा किटल्या उतरविताना इंजिन बंद करावे, कारण उभ्या गाडीस वारा मिळत नाही.

इंजिन अति तापल्यास

गाडीची ओढ कमी होणे, चढावर टकटक असा आवाज येणे, जळक्या ऑईलचा वास सुटणे ही इंजिन तापल्याची चिन्हे होत. ती दिसताच गाडी सावलीत उभी करून इंजिन बंद करावे व ते निवेपर्यंत थांबावे. निवल्यावर ऑईलची पातळी पाहूनच पुढे निघावे. हीच चिन्हे वारंवार दिसू लागल्यास गाडी जाणत्या कारागिरास दाखवावी.

तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतण्याची चाल काही ठिकाणी आहे. ती सर्वथा सोडावी. धातू एकाएकी व असमान आकुंचन पावून वाकण्याचा वा तडकण्याचा धोका असतो. पाण्याने थंड होणारे इंजिन असल्यास गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. उकळते पाणी अंगावर उसळते. अशा गाडीतील कूलंटची पातळी प्रवासापूर्वीच पाहावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मार्चअखेर स्वतःच्या गाडीची अशी तपासणी करावी व ती करताना गावातील तरुणांस सोबत घ्यावे. फिन स्वच्छ करणे व ऑईलची पातळी पाहणे ही कामे एकदा डोळ्यांदेखत झाली म्हणजे पुढे ज्याची त्यास करता येतात.