रशियाची सरकारी माध्यमे आणि शेजारी देश

माध्यमे कोणती? ‘तास’ ही सोव्हिएत काळापासूनची वृत्तसंस्था सरकारी मालकीची आहे, तर २००५ मध्ये ‘रशिया टुडे’ या नावाने सुरू झालेली ‘आरटी’ ही परदेशी प्रेक्षकांसाठीची वाहिनी सरकारी निधीवर चालते.

युद्धे आणि बातम्या

• ऑगस्ट २००८ : जॉर्जियाशी पाच दिवसांचे युद्ध झाले आणि त्यानंतर रशियाने अबखाझिया व दक्षिण ओसेतिया या प्रांतांना स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली.

• डिसेंबर २०१३ : अध्यक्ष पुतिन यांच्या हुकुमाने ‘रिया नोव्होस्ती’ ही वृत्तसंस्था बरखास्त झाली. तिचे नाव तेवढे राहिले. सूत्रे दिमित्री किसेल्योव्ह यांच्या नव्या संस्थेकडे गेली. त्यानंतर मार्च २०१४ मध्ये रशियाने युक्रेनचा क्रिमिया ताब्यात घेतला.

• फेब्रुवारी २०२२ : युक्रेनवरील आक्रमणाला २४ तारखेला सुरुवात झाली. २६ तारखेच्या सकाळी, कीव्हभोवती लढाई चालू असतानाच, रिया नोव्होस्तीच्या संकेतस्थळावर युक्रेन रशियाकडे परतल्याचे गृहीत धरणारा विजयलेख झळकला आणि लगेच मागे घेतला गेला; तो आधीच लिहून ठेवलेला होता, हे उघड आहे.

• मार्च २०२२ : लष्कराविषयी ‘खोटी माहिती’ पसरवणाऱ्यास १५ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली, माध्यमांनी ‘युद्ध’ न म्हणता ‘विशेष लष्करी मोहीम’ म्हणावे, असा आदेश होताच. तरीही १४ मार्चला सरकारी वाहिनीच्या संपादक मरिना ओव्स्यानिकोव्हा थेट प्रक्षेपणात वृत्तनिवेदिकेमागे युद्धविरोधी फलक घेऊन उभ्या राहिल्या. हे धैर्य असामान्य होते.

युरोपीय संघाने मार्च २०२२ मध्ये आरटीचे प्रसारण थांबवले. भारतात तशी बंदी नसल्याने येथे ते पाहता येते. डिसेंबर २०२५ मध्ये पुतिन यांच्या दिल्ली भेटीत ‘आरटी इंडिया’ सुरू झाली.