मनीप्लँट अडून का बसतो?

कोकणात किंवा गोव्यात जुन्या घराच्या आवारात आंब्याच्या खोडावर चढलेला मनीप्लँट कधी नीट पाहा. जमिनीलगतची पानं तळहाताएवढी, आणि वर, फांद्या फुटतात तिथली, हातभर लांब, कडेपासून मधल्या शिरेपर्यंत चिरलेली. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते दोन निराळे वेल वाटतात. वनस्पती मात्र एकच : एपिप्रेम्नम ऑरियम, मूळची प्रशांत महासागरातल्या मूरेआ बेटाची. हाच वेल आपल्या दिवाणखान्यात, टीव्हीशेजारच्या कुंडीत, महिनोन्‌महिने एक नवं पान काढत नाही. मरतही नाही. नुसता अडून बसतो.

अशा वेळी आपला हात आपसूक खताच्या पुडीकडे जातो. झाड मातीतून वाढतं ही समजूत आपल्या हाडीमाशी खिळलेली असते. तिला पहिला मोठा धक्का दिला तो सतराव्या शतकातल्या यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट याने. ब्रुसेल्सच्या परिसरात राहणाऱ्या या माणसाने २०० पौंड माती भट्टीत वाळवून मोठ्या कुंडीत भरली, तिच्यात ५ पौंडांचं वाळुंजाचं रोप लावलं, धूळ पडू नये म्हणून भोकं पाडलेलं पत्र्याचं झाकण घातलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. पाच वर्षांनी झाड भरलं १६९ पौंडांच्या वर. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती घटली होती दोन औंस. म्हणजे साठ ग्रॅमसुद्धा नाही! त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ साली, हा प्रयोग छापून आला. झाड पाण्यापासून बनतं, असा निष्कर्ष त्याने काढला होता. तो निम्माच बरोबर होता. उरलेलं उत्तर हवेत होतं. हवेच्या दर दहा हजार रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे जेमतेम चार; पण वाळलेल्या झाडाच्या वजनात जवळपास निम्मा जो कार्बन असतो, तो या चार रेणूंतून वेचलेला. आणि १७७९ साली यान इंगेनहाउझ याने दाखवून दिलं की हिरव्या पानांचं हे काम उजेडाशिवाय चालत नाही.

म्हणजे कुंडीतल्या मातीकडे टक लावून बसलेले आपण चुकीच्या दिशेला पाहत असतो. वेल घडतो तो खिडकीतून येणाऱ्या हवेतून आणि उजेडातून.

आता गंमत अशी की उजेड किती आहे हे आपल्या डोळ्यांना कळतच नाही. भर दुपारी उन्हात साधारण एक लाख लक्स उजेड असतो. खोलीत, खिडकीपासून दोन-तीन मीटरवर, तो बहुधा काही शे लक्सवर आलेला असतो. शेकडो पटींचा फरक. तरी दोन्ही ठिकाणी आपण आरामात पेपर वाचतो, कारण आपल्या डोळ्यातली बाहुली आणि दृष्टिपटल हा फरक बेमालूम मिटवून टाकतात. पानाला ही सोय नाही. त्याला उजेडाचा कण नि कण मोजून मिळतो.

पानात दोन कामं चाललेली असतात. उजेडात साखर बनवायची आणि जगण्यासाठी रात्रंदिवस ती जाळायची. उजेड कमी होत गेला की अशी एक पातळी येते, जिथे बनलेली आणि जळालेली साखर अगदी सारखी होते. या पातळीवर वेल हिरवागार राहू शकतो, पण नवं पान काढायला गाठीशी काही उरत नाही. टीव्हीशेजारचा मनीप्लँट बहुतेक वेळा नेमका इथे येऊन थांबलेला असतो. त्याला आजारी म्हणणं मला पटत नाही. इतक्या तुटपुंज्या उजेडात तोल सांभाळून उभं राहणं ही मोठीच कसरत आहे.

उजेड जोखायची सगळ्यात खात्रीची रीत अशी : कुंडीजवळ खाली बसा, डोळे पानाच्या उंचीला आणा आणि पानाला काय दिसतं ते पाहा. तिथून आकाशाचा तुकडा दिसला तर ठीक. नुसती समोरच्या इमारतीची भिंत किंवा आपलाच पडदा दिसला, तर त्या पानाला फक्त भिंतींवर आपटून आलेला उष्टा उजेड मिळतोय. वेलावरही याची नोंद सापडते. दोन पानांमधली पेरं मोजा. जिथे ती लांबलचक आणि पानं बारकी, तो काळ वेलाने उजेड शोधण्यात घालवला. जिथे पेरं आखूड आणि पानं मोठी, तिथे त्याला तो सापडला होता.

इथे परदेशी बागकामाच्या पुस्तकांनी आपला फार गोंधळ करून ठेवला आहे. दक्षिणेची खिडकी उत्तम, हिवाळ्यात उजेड कमी, हे लंडनला खरं. मुंबईचं आकाश निराळं. मुंबई १९ अंश उत्तरेला आहे आणि सूर्य जूनमध्ये साडेतेवीस अंशांपर्यंत वर जातो. मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी जो शून्य सावलीचा दिवस येतो, त्या दोन दिवसांच्या दरम्यान सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत आपल्या उत्तरेलाच असतो. म्हणजे त्या अडीच महिन्यांत मुंबईत दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन एक क्षणही येत नाही! उलट डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिण क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो आणि ऊन त्याच खिडकीतून खोलीत आतवर येतं. आपल्याकडचा खरा अंधारा मोसम हिवाळा नव्हे, तर ढगांनी भरलेले आषाढ-श्रावण. ‘पावसाळ्यात सगळं फोफावतं, मग घरातलाच का अडलाय?’ या प्रश्नाचं बरंचसं उत्तर यात आहे. बाहेरच्या झाडांना ढगाळ आकाश का होईना, पण सगळं मिळतं. आतल्या कुंडीला त्यातला कवडसा.

खिडकी नसेल तर साधी पांढरी एलईडी ट्यूबही चालते, फक्त ती वेलाच्या हातभर जवळ हवी आणि दिवसाचे दहा-बारा तास लागलेली हवी. छताचा दिवा फार लांब पडतो.

पाण्याचं दुखणंही बऱ्याचदा उजेडाचंच असतं. कमी उजेडातला वेल पाणी कमी ओढतो, माती ओलीच राहते, आणि आपण ठरल्यासारखं रोज तांब्याभर ओततो. मुळं श्वास घेतात, त्यांना प्राणवायू लागतो, आणि प्राणवायू हवेतल्यापेक्षा पाण्यात सुमारे दहा हजार पट मंद सरकतो. मातीतल्या फटी पाण्याने भरल्या की मुळं गुदमरतात. गुदमरलेलं मूळ पाणीही ओढू शकत नाही, म्हणून भिजलेल्या मातीतला वेल तहानेल्यासारखा मान टाकतो, आणि आपण आणखी पाणी घालतो.

कुंडीत पाणी कुठे अडून राहतं हे पाहायचं तर स्वयंपाकघरातला भांडी घासायचा स्पंज पूर्ण भिजवा आणि आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच स्पंज उभा करा. पाणी पुन्हा गळू लागतं! वजन तेच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. बारीक फटींमध्ये अडकलेलं पाणी तळाशी ठरावीक जाडीचा ओला थर धरून ठेवतं. स्पंज आडवा असताना तो थर जवळपास सगळा स्पंज व्यापतो, उभा केल्यावर फक्त खालचा भाग. कुंडीतही असाच थर असतो, म्हणून उथळ कुंडी खोल कुंडीपेक्षा जास्त चिकचिकीत राहते. आणि म्हणूनच तळाशी खडी किंवा फुटक्या कौलांचे तुकडे भरायच्या आपल्या जुन्या रिवाजाने फारसं साधत नाही : बारीक मातीतलं पाणी मोठ्या फटींत सहज उतरत नाही, ओला थर तेवढा वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. तळाचं भोक मोकळं ठेवणं आणि मातीत कोकोपीट, थोडी जाड रेती मिसळणं, एवढं पुरे. बोट दोन पेरांपर्यंत खुपसावं, कोरडं लागलं तरच पाणी.

खताला अगदीच अर्थ नाही असं नाही. बाटलीत नुसत्या पाण्यावर ठेवलेला मनीप्लँट खरोखर उपाशी असू शकतो. त्याला महिन्यातून एकदा पातळ खताचे थोडे थेंब आणि ताजं पाणी मिळालं की फरक पडतो. पण अंधाऱ्या कोपऱ्यातल्या कुंडीत खत वापरलं जात नाही, ते साठतं. कुंडीच्या काठावर पांढरी खरपुडी दिसू लागली तर क्षार जमले आहेत असं समजावं.

उजेड आहे, पाणी बेताचं आहे, तरी अडला? मग कुंडी आडवी करून वेल हलकेच बाहेर काढा. मातीच्या गोळ्याला मुळांनी वेटोळी घातलेली असतील तर जागा संपली आहे. २०१२ साली हेंड्रिक पूर्टर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कुंड्यांच्या आकारावरचे कितीतरी प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा कुंडी दुप्पट केल्यावर झाडाचं वजन सरासरी ४३ टक्क्यांनी वाढतं असं दिसलं. कुंडीची भिंत कुठे आहे हे झाडाला मुळांवाटे लागलीच उमगतं, आणि ते वरची वाढ त्या बेताने आवरतं. तरीही एकदम मोठी कुंडी नको. एकाच मापाने वाढवावी, नाहीतर न वापरलेली ओली माती पुन्हा मुळांच्या मुळावर येते.

आणि त्याला चढू द्या. मूरेआ बेटावरून आलेल्या या वेलाचं आयुष्य खोड धरून वर जाण्यासाठी बेतलेलं आहे. ग्रिलवरून खाली सोडला की पानं लहान होत जातात, वर चढवला की मोठी होतात. त्याच्याच कुळातल्या एका मॉन्स्टेराची रोपं तर जंगलात आधी अंधाराकडे सरपटतात, कारण अंधार म्हणजे जाड खोड. डोनाल्ड स्ट्राँग आणि थॉमस रे यांनी १९७५ साली हे नोंदवलं. आपल्याला काथ्या गुंडाळलेली काठी पुरते. ती ओलसर ठेवली की पेरांपाशी फुटलेली हवाई मुळं तिला धरतात.

जागा बदलली की दुसऱ्या दिवसापासून निरखायला सुरुवात होते, पण त्यात एक मेख आहे. शेंड्याशी गुंडाळून बसलेलं पुढचं पान आधीच, जुन्या कोपऱ्यातल्या उजेडात, बरंचसं घडून गेलेलं असतं. ते लहान निघालं म्हणून कुंडी परत हलवू नये. नवी जागा मानवली की नाही, हे त्याच्या नंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावरून ठरवावं.